एक जूनचा रकाना

वामननाना पान उलटायचे तेव्हा त्यांच्या हातात वही नसायची. डोळे मिटायचे, उजव्या हाताचा अंगठा खालच्या ओठाला लावायचे आणि समोरच्या हवेतलं एक पान उलटायचे. मग म्हणायचे, "हं. उघडलं."

ईशान, रेणू, गेल्या रविवारी तुम्ही दोघं फोनवर भांडत होतात. ईशानचं म्हणणं, काही माणसांचा मेंदू कॅमेऱ्यासारखा असतो, पान एकदा बघितलं की कायमचं छापलं जातं. रेणूचं म्हणणं, असं काही नसतं. "आजी, तू सांग, फोटोग्राफिक मेमरी असते की नसते?" मी म्हटलं, लिहून कळवते. तुम्ही हसलात, की आजीला हो-नाही सांगायलासुद्धा कागद लागतो. लागतो. का लागतो ते वामननानांना ओळखल्याशिवाय कळणार नाही. मराठी वाचायला जड गेलं तर आईकडून वाचून घ्या, पण मध्येच सोडू नका.

धुळ्याच्या ज्या शाळेत मी आधी इंग्रजी शिकवलं आणि नंतर अकरा वर्षं मुख्याध्यापिका होते, तिथे नाना लेखनिक होते. शाळेचं एक मोठं, पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक असतं, त्याला जनरल रजिस्टर म्हणतात. शाळेत नाव घातलेल्या प्रत्येक मुलाची त्यात एक ओळ असते: नाव, आईचं नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख, आधीची शाळा. मूल शाळा सोडून जातं, मोठं होतं, म्हातारं होतं, पण कुठलाही सरकारी कागद काढायचा झाला की सगळे त्याच्या त्या एका ओळीकडे बोट दाखवतात. रजिस्टरात आहे ते खरं. रजिस्टरात नाही ते तुम्ही सिद्ध करत बसा.

त्या ओळींमधली एक गंमत तुम्हाला माहीत आहे, फक्त ती गंमत आहे हे माहीत नाही. तुम्ही दरवर्षी एक जूनला आजोबांना केक कापायला लावता. आजोबांचा जन्म दिवाळीतला. त्यांचं नाव शाळेत घालायला त्यांच्या मोठ्या काकांनी नेलं होतं, काकांना तारीख सांगता आली नाही, आणि गुरुजींनी एक जून लिहून टाकली. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, तेव्हा एक जून लिहिली की वयाचा हिशेब सरळ बसायचा. आमच्या खानदेशात अशी निम्मी गावं एक जूनला जन्मलेली आहेत.

नाना उंच, खांद्यात जरा वाकलेले. पांढरी टोपी, आणि शर्टाच्या वरच्या खिशात पेनाच्या जागी सहा इंची लाकडी फुटपट्टी. प्रत्येक नोंदीखाली ती लावून रेघ मारायची, फुंकर घालायची, मगच पुढची ओळ. खाडाखोड त्यांना खपत नसे. एकदा नव्या शिपायाने घाईत एका नावावर दुसरं नाव गिरवलं, तेव्हा नाना त्याला म्हणाले, "गड्या, ही खाडाखोड कागदावर नाही केलीस. त्या पोराच्या कपाळावर केलीस." त्याला ओरडले नाहीत. पण तो दिवसभर जेवला नाही.

त्यांच्या स्मरणशक्तीची ख्याती शाळेबाहेर गेलेली होती. साक्रीकडचा एक पस्तिशीचा माणूस दाखल्याची दुय्यम प्रत मागायला आला. नानांनी त्याला दारातच थांबवलं.

"रामदास ना रे तू?"

"हो नाना. वळखलं तुमी?"

"तुला नाही, तुझ्या ओळीला ओळखलं." डोळे मिटले, अंगठा ओठाला लागला. "उघडलं. खंड तीन. पान एकशे अडतीस. वरून सातवी. तुझ्या नावातल्या 'दा'वर शाईचा थेंब आहे. त्या दिवशी पत्र्यातून पाणी गळत होतं. तुझा बाप आईचं नाव सांगायला विसरला आणि अर्ध्या रस्त्यातून परत आला, म्हणून ते नाव वेगळ्या शाईत आहे."

मी खंड तीन काढून पाहिला. थेंब होता. आईचं नाव काळ्या शाईत होतं, बाकीची ओळ निळ्या. रामदास रजिस्टराला हात लावून नानांच्या पाया पडला. गावात नानांना 'झेरॉक्स नाना' म्हणायचे, आणि त्याचा त्यांना राग नव्हता.

राग होता तो त्यांच्या बायकोला, वत्सलाक्कांना, आणि तोही लटका. दुपारी त्या स्वतः डबा घेऊन शाळेत यायच्या. बुटक्या, हसऱ्या, बोलण्यात अहिराणीचा ठसका. माझ्या टेबलावर माझ्यासाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी ठेवून म्हणायच्या, "बाई, यासले बठ्ठी शाळा ध्यानमा शे. घरमा मीठ सरनं, ते मात्र ध्यानमा नही." नाना मान खाली घालून भाकरी मोडायचे.

मी काही सगळं ऐकून मान डोलावणारी नव्हते. एकदा मी नानांची परीक्षा घेतली. एका कागदावर इंग्रजी अक्षरं आणि आकडे वाटेल तसे, काही अर्थ लागू नये असे लिहिले, दहा ओळी. त्यांना दोन मिनिटं बघू दिलं, कागद उलटा ठेवला आणि म्हटलं, उघडा पान. नानांनी डोळे मिटले. अंगठा हवेत फिरला. पहिली ओळ अर्धी आली, दुसरीतली तीन अक्षरं, पुढे काही नाही. माझ्याइतकंच, कदाचित थोडं कमीच.

मला वाटलं ते खट्टू होतील. ते हसले. "बाई, या पानावर माणसं कुठे आहेत? माणूस नाही तिथे मी काय बघू?"

मी हे हसण्यावारी नेलं. ईशान, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या दिवशी माझ्या टेबलावर पडलेलं होतं, आणि मी ते कागदासकट टोपलीत टाकलं.

मुख्याध्यापिका होऊन मला चार वर्षं झाली होती, तेव्हा कपाटाला वाळवी लागली. पावसाळाभर ती आतून खात होती आणि बाहेरून काही दिसत नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीआधी खंड चार काढला तर पुठ्ठा हातात आला आणि आतून मातीची भुकटी सांडली. काही पानं अख्खी होती, काहींना बोटाएवढी भोकं पडली होती, काही नुसती कडा उरून मधून गेली होती. नाना जमिनीवर बसले आणि ती भुकटी ओंजळीत गोळा करायला लागले.

सुट्टी संपली की तपासणी होती. आम्ही ठरवलं, खंड चारची नक्कल करायची. जे वाचता येतं ते बघून उतरवायचं. जे गेलं ते नाना सांगतील. तीन आठवडे आम्ही दोघं रिकाम्या शाळेत बसलो होतो. ते भोकावर बोट ठेवायचे, डोळे मिटायचे, "उघडलं" म्हणायचे आणि लिहायचे. असे दोनशे चौदा जणांचे रकाने त्यांनी भरले. बहुतेक जन्मतारखेचे, कारण वाळवी पानांच्या त्या बाजूने शिरली होती.

शाळेत दुसरा मार्ग नव्हता असं नाही. मूल पाचवीला येताना आपल्या गावच्या प्राथमिक शाळेचा दाखला आणतं. ते सगळे दाखले मागच्या खोलीत गठ्ठ्यांत बांधून ठेवलेले होते, पण वर्षांची सरमिसळ झालेली. मी म्हटलं, "नाना, गठ्ठे सोडून ताडून बघू या का?"

"महिने जातील बाई. आणि कशाला? मला दिसतंय ना."

"मग जिथे जरासुद्धा शंका आहे, तिथे कोरं सोडा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कोरं? कोऱ्या रकान्याचं पोर म्हणजे जन्मलंच नाही म्हणायचं. आणि शंका कुठाय?"

मी शेवटच्या पानावर लिहिलं, 'मूळ प्रतीशी ताडून पाहिली, बरोबर आहे,' आणि सही केली. मूळ प्रत म्हणजे नाना. आयुष्यात मी न वाचता एकाही कागदावर सही केलेली नाही, असं मी तुमच्या आईला लहानपणापासून सांगत आले. हा कागद मी वाचला होता. फक्त ज्याच्याशी ताडायचा ते माझ्यासमोर नव्हतं.

सात वर्षं काही झालं नाही. नाना निवृत्त झाले. त्याच वर्षी वत्सलाक्का गेल्या, दोन दिवसांच्या तापाने. नाना जळगावला मुलाकडे, मेहरूणला राहायला गेले. माझंही नोकरीचं शेवटचं वर्ष उरलं.

त्या वर्षी भारती आली. शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातली, आठवीत शाळा सोडलेली. लग्न होऊन गेली होती. नवरा वारल्यावर दोन मुलींना घेऊन आईकडे परत आली होती. गावच्या अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघाली, यादीत तिचं नाव पहिलं लागलं. वयाची अट तिने जेमतेम पार केली होती. तिच्या दाखल्यावर जन्मतारीख अकरा ऑगस्ट होती, त्यामुळे ती अटीच्या आत बसत होती. तालुक्याच्या कार्यालयाने नेहमीप्रमाणे तो दाखला पडताळणीसाठी आमच्याकडे पाठवला. आमच्या नव्या लेखनिकाने रजिस्टर बघून कळवलं: रजिस्टरात एक जून आहे. एक जून धरली की ती अटीबाहेर जात होती, आणि वर दाखल्यात तारीख बदलल्याचा ठपका.

आठ दिवसांनी तिची सुनावणी होती, त्याआधी शाळेने लेखी म्हणणं द्यायचं होतं. मी नानांना बोलावून घेतलं.

भारती आईला घेऊन आली होती. आई लुगडं सावरून खाली जमिनीवरच बसली, खुर्चीवर बसायला तयार होईना. नाना आले, सगळ्यांना नमस्कार केला, नक्कल बाजूला सारली. "ते नको. मी मूळ बघतो." डोळे मिटले. अंगठा. "उघडलं. खंड चार. पान बासष्ट. खालून तिसरी ओळ. भारती." ते थांबले. मग हळूच म्हणाले, "एक जून आहे, पोरी."

"नाना, परत देखा ना," भारती म्हणाली.

"दोनदा बघितलं."

आई खालून बोलली. "नागपंचमीले व्हयनी ही. सकायले मी वारुळले दूध वाही वनू, नि दुपारले ही व्हयनी. तुम्हले दिसनं ते खरं, आनी मनं पोट खोटं का, नाना?"

भारतीने पिशवीतून दाखला काढून त्यांच्यापुढे धरला. घडीवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. "मंग हाई कोनं अक्षर शे?"

अक्षर नानांचं होतं. सतरा वर्षांपूर्वीचं, रजिस्टर धड असतानाचं. खाली त्या वेळच्या मुख्याध्यापकांची सही. नानांनी तो कागद खिडकीच्या उजेडात धरला, तिरका केला, तारखेवरून बोट फिरवलं. आपल्याच अक्षराकडे ते एखाद्या अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघत होते.

"अक्षर माझं आहे," ते म्हणाले. "पण घडी नेमकी तारखेवर आलीय. आकड्याला कुणी हात लावला असेल तर मला काय सांगता येणार? मला जे दिसतं ते मी नाही म्हणू शकत नाही. आणि दिसत नाही ते हो म्हणू शकत नाही."

खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. तेवढंच बोलले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी लिहून दिलं: रजिस्टरातील नोंद बरोबर आहे. मी तो कागद पुढे पाठवला. भारतीने जाताना आईला हाताला धरून उठवलं. आई दारात थांबून माझ्याकडे बघत राहिली. मी फाइल उघडून त्यात डोकं घातलं.

तिसऱ्या दिवशी शाळा उघडायच्या आधी नाना फाटकाशी उभे होते. टोपी हातात. जळगावहून पहिल्या बसने आले होते.

"बाई, गठ्ठे सोडायचे."

"काय झालं?"

"गाडीत बसून मी पान बासष्ट परत परत उघडलं. इतके दिवस मी फक्त हवी ती ओळ बघायचो. या वेळी अख्खं पान बघितलं." त्यांनी हातातली टोपी डोक्यावर घातली. "बाई, त्या पानावर जेवढ्या एक जून आहेत, त्या सगळ्या एकाच शाईत आहेत. एकाच हाताच्या, एकाच दिवसाच्या. पोरं काय एकाच दिवशी नाव घालायला येतात का? कुणी पावसात आलं, कुणी श्रावणात. शाई बदलते, टाक बदलतो. खरं पान असं नसतं. हे पान मी लिहिलंय. इथे," त्यांनी कपाळावर बोट मारलं, "इथे बसून लिहिलंय."

गठ्ठे आता तीन ठिकाणी विखुरले होते. वाळवीच्या भीतीने त्यांत कडुलिंबाचा पाला घातलेला, तो सुकून प्रत्येक कागदाला चिकटला होता. आम्ही दोघं आणि नवा लेखनिक, चार दिवस. नाना जेवायला उठत नव्हते. कागद उचलायचे, नाव वाचायचे, बाजूला ठेवायचे. डोळे मिटायचे नाहीत. मी म्हटलं, "नाना, पाणी तरी घ्या." तर म्हणाले, "परवा सुनावणी आहे ना तिची? उद्या सापडायला पाहिजे. उद्या सापडायला पाहिजे."

सापडला तो सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी. गावच्या शाळेचा दाखला, गुरुजींच्या वळणदार अक्षरात: अकरा ऑगस्ट. अंकात आणि अक्षरी, दोन्ही.

नाना पटकन उठून उभे राहिले, कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "पळा बाई." मी स्वतः मिळेल त्या गाडीने तालुक्याच्या कार्यालयात गेले. साहेब सभ्य होते. त्यांनी कागद पाहिला, माझं पत्र घेतलं आणि सांगितलं, काल यादीतल्या दुसऱ्या बाईंना नेमणूक दिली गेली. शाळेचंच म्हणणं होतं ना, लेखी? तुमच्याच सहीने आलंय. पुढची जागा निघेल तेव्हा बघू. पुढची जागा निघेपर्यंत भारती कुठल्याही तारखेने अटीबाहेर जाणार होती, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. वर अर्ज केले, दोनदा. काही झालं नाही.

आम्ही दोघं तिच्या गावी गेलो. ती कापूस वेचून आली होती, बोटांना चिरा पडलेल्या. तिने आम्हाला पाणी दिलं, चहा ठेवला. नानांनी सापडलेला दाखला दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. "पोरी, तुझी आई खरी होती."

तिने तो वाचला, घडी घातली, परत दिला. तिचा आवाज चढला नाही. ते सोसणं जास्त कठीण गेलं. "माझं झालं ते झालं, नाना. पण माझ्यासारख्या कितीजणांचं भरलंय तुम्ही? त्यांचं तरी बघा."

दोनशे चौदा. नानांनी आकडा सांगितला नाही. मीही नाही.

त्यानंतर आम्ही सगळे गठ्ठे तपासले. एकशे तेरा जणांचे कागद मिळाले. त्यांत चौऱ्याण्णव ठिकाणी नानांनी भरलेलं बरोबर निघालं, एकोणीस ठिकाणी चूक. आणि एकोणीसही ठिकाणी चूक एकच होती: एक जून. बरोबर आलेल्यांतल्याही बहुतेक तारखा एक जूनच्याच होत्या. त्यांचं श्रेय नानांच्या आठवणीला द्यायचं की एक जूनला, ते मला आजही ठरवता येत नाही. त्या एकोणीस नोंदी रीतसर दुरुस्त करून घेणं, एवढं एक काम मी निवृत्तीआधी पुरं केलं.

उरले एकशे एक. त्यांच्यासाठी नाना गावोगाव हिंडायला लागले. वही आणि फुटपट्टी घेऊन बसने जायचे. साक्री, शिरपूर, भडगाव, तिथून पायी. घर शोधायचं, आई किंवा आजी जिवंत असेल तर विचारायचं. मला फोन करून सांगायचे. कुणी म्हणे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. कुणी म्हणे, नदीला मोठा पूर आला होता त्या साली, गाय व्याली त्याच आठवड्यात. एकीने तर उलट विचारलं, "नाना, तुम्हीच ना सगळं पाठ असलेले? मग मलाच कशाला विचारता? मशीन बिघडलं का?" ते तिथेही चिडले नाहीत. म्हणाले, "हो माय, बिघडलं." दोन उन्हाळे असे गेले. खानदेशचा उन्हाळा तुम्ही पाहिला आहे, अकरानंतर कुत्रंसुद्धा रस्त्यावर येत नाही. दुसऱ्या मे महिन्यात ते भडगावच्या स्टँडवर चक्कर येऊन पडले आणि मुलाने त्यांचं हिंडणं बंद केलं. वहीत तेव्हा सत्तावीस तारखा होत्या. त्यांतल्या खात्रीच्या किती, ते नानांनाच सांगता येत नव्हतं.

मी मात्र या विषयावर मिळेल ते वाचलं. रेणू, तुझं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. काही लहान मुलांना बघितलेलं चित्र थोडा वेळ डोळ्यांपुढे तसंच दिसत राहतं आणि मग विरतं. पण मोठ्या माणसाच्या डोक्यात पान जसंच्या तसं छापलं जातं, याचा पटेल असा पुरावा अजून कुणी दिलेला नाही. विलक्षण आठवण असणारी माणसं असतात. ती जुळवून लक्षात ठेवतात, अर्थाला धरून, नानांनी माणसांना धरून ठेवलं तसं. शाईचा थेंब आणि पत्र्यातलं पाणी त्यांनी खरोखर पाहिलं होतं. पण आपण आठवतो तेव्हा कपाटातून काही काढत नाही, दर वेळी नव्याने रचतो. जिथे तुकडा नसतो तिथे नेहमीचा, सवयीचा तुकडा बसवतो. फोटोला भोक पडलं तर भोक दिसतं. आठवणीला पडलं तर दिसत नाही, कारण तिथे आधीच काहीतरी भरलेलं असतं, आणि ते अगदी स्पष्ट, अगदी खात्रीचं दिसतं. नाना खोटं बोलले नाहीत. त्यांना खरंच दिसलं. मला त्यात समाधान वाटावं असं काही सापडलेलं नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या हिवाळ्यात. मी कामासाठी जळगावला आले होते आणि सकाळी मेहरूण तलावाच्या काठावर फिरायला गेले. बोरं विकणाऱ्या बाईच्या पलीकडच्या बाकावर ते बसलेले. खूप वाळलेले. मांडीवर शाळेची शंभर पानी वही, खिशात तीच फुटपट्टी. मी शेजारी बसले. बराच वेळ त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, एकदाही पापणी न मिटता. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की काही आठवायचं असलं तरी ते आता डोळे मिटतच नाहीत.

"भीती वाटते बाई," मी न विचारताच ते म्हणाले. "मिटले की दिसतं. आणि दिसलं की मला कळत नाही, ते आहे का मी भरलंय. आमचं भडगावचं घर दिसतं. आई दिसते. हे सगळं कुणाच्या शाईत आहे?"

"वहीत काय लिहिता?"

"तुमच्या अक्कांचं लिहितोय. जे नक्की आहे तेवढंच." त्यांनी वही माझ्याकडे वळवली. फुटपट्टीने आखलेले रकाने, डावीकडे एकेक बाब, उजवीकडे नोंद. उंची. आवाज. चालणं. कितीतरी रकाने उजवीकडे मोकळे होते. "ती गेली तेव्हा तिचा एकटीचा फोटो नव्हता. शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या घोळक्यातून फोटोवाल्याने तिचा चेहरा मोठा केला, रंगवला, कुंकू ठसठशीत केलं, चेहऱ्यावरचे डाग काढले. हनुवटीवरचं गोंदणसुद्धा डाग समजून काढलं. आता मला तो फोटोच दिसतो, बाई. ती दिसत नाही. गोंदण होतं, एवढं नक्की. एक ठिपका होता का तीन? तुम्ही रोज बघत होतात. सांगा."

त्यांचा हात माझ्या मनगटावर होता. त्या हाताची पकड मला आजही जाणवते. बुडणारा माणूस धरतो तशी.

"तीन," मी म्हटलं. लगेच.

त्यांनी पेन उचललं, कागदावर टेकवलं, आणि थांबले. "खरंच पाहिलेत ना? का आपल्याकडच्या बायांना बहुतेक तीनच असतात, म्हणून?"

मी डोळे मिटले. वत्सलाक्का समोर आल्या. डब्याचं झाकण, बांगड्या, कळण्याची भाकरी, आणि हनुवटीवर तीन हिरवे ठिपके. स्पष्ट होते. मी नीट बघितलं. तिन्ही अगदी सारखे होते, सारख्याच अंतरावर, जणू आत्ताच कुणी काढलेले.

"नाही नाना," मी म्हटलं. "मला माहीत नाही."

त्यांनी मान हलवली. फुटपट्टी लावून नवा रकाना आखला, डाव्या बाजूला 'हनुवटीवरचं गोंदण' असं लिहिलं, फुंकर घातली, आणि उजवी बाजू कोरी सोडली. मग अंगठा ओठाला लावून वहीचं पान उलटलं.